शिसवी ताटली

शिसवीच्या जुन्या फळीवरून रंधा फिरला की काळपट थर निघून जातो आणि खालून जांभळट तपकिरी लाकूड वर येतं, काळ्या शिरांनी भरलेलं. शोभेची ताटली कातायची ती या शिरांसाठीच. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं रंगाने खुलतात, म्हणून त्यांना साधं लाकूड चालतं. इथे रंग नाही. जे काही आहे ते झाडाने वाढता वाढता करून ठेवलेलं आहे.

म्हणून आधी फळी निवडायची, आणि ती नीट सुकलेली हवी. लाकूड सुकताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. ओल्या लाकडाची गोल ताटली त्यामुळे लंबगोल होते किंवा पिळवटते. ओलं लाकूड हाती आलं तर कातारी ते जाड ठेवून कातून घेतो, महिनोन्‌महिने सुकवतो आणि मग पुन्हा लेथवर चढवतो.

आधी ताटलीची पाठ आणि बुड, मग उलटून आतली बाजू. पाठ बुडाकडून काठाकडे कातायची, आतली बाजू काठाकडून मध्याकडे. फळीतले तंतू आडवे असल्याने प्रत्येक फेर्‍यात गोल पटाशीसमोर त्यांची टोकं दोनदा येतात. धार बोथट असेल तर तंतू कापले न जाता उपटले जातात, आणि ती खरबरीत जागा कितीही पॉलिश पेपर घासला तरी डोळ्यांत खुपते. 30 सेंटिमीटरची ताटली मिनिटाला 800 फेरे घेते तेव्हा तिचा काठ ताशी 45 किलोमीटर वेगाने धावत असतो. तिथे पटाशी अडकली की काठच उडतो. शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, तेव्हा मास्क हवाच.

खरी मौज उथळ खोलगटात आहे. पटाशी वाढीचे थर तिरके छेदत जाते आणि नकाशावरच्या डोंगरउतारासारख्या रेषा उमटतात. मिलिमीटरभर आणखी कातलं की चित्र बदलतं. अशा लाकडावर कंगोरे, खाचा, नक्षी काढणं मला अन्याय वाटतो. काठ साधा, वळण एकच, वर तेल आणि मेण. एवढं पुरे.

शिसवी आता सहज मिळत नाही. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचं नियंत्रण आहे. तुमच्या घरचा मोडका शिसवी पलंग भंगारात घालण्याआधी त्याची एखादी रुंद फळी कातार्‍याला दाखवा.