लायसन्स आजारामुळे जातं का?

व्हँकुव्हरच्या आसपास, म्हणजे सरी-लँगलीकडे राहणाऱ्या घरांत गाडी बंद झाली की अर्धं घर अडकतं. म्हणून आईला फिट आली किंवा बाबांना स्ट्रोक येऊन गेला की हळू आवाजात एक प्रश्न हमखास निघतो : डॉक्टरांना सगळं सांगायचं का? लायसन्स काढून घेतलं तर?

या भीतीबद्दल बोलायचं तर ब्रिटिश कोलंबियातलाच एक खटला माहीत असायला हवा. टेरी ग्रिस्मर खाणीत ट्रक चालवायचे. १९८४ साली त्यांना स्ट्रोक आला आणि डावीकडचं दिसेनासं झालं. डावा डोळा गेला असं नव्हे. दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याची डावी बाजूच दिसत नव्हती. याला होमोनिमस हेमिअ‍ॅनोपिया म्हणतात. प्रांताचा नियम होता की दृष्टिक्षेत्र किमान १२० अंशांचं हवं, आणि हा दोष असणाऱ्याला तेवढं दिसतच नाही. लायसन्स रद्द झालं. ग्रिस्मरनी जादा आरसे लावले, प्रिझमचा चष्मा घेतला, पुन्हा पुन्हा अर्ज केले. दृष्टिक्षेत्राची सोडून बाकी सगळ्या चाचण्या ते पास व्हायचे. तरी नकारच. खटकणारी गोष्ट अशी की १२० अंशांपेक्षा कमी दिसणाऱ्या इतर काही जणांना सूट मिळत होती. या एका निदानाला मात्र सरसकट बंदी.

प्रकरण मानवाधिकार मंडळाकडून कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १६ डिसेंबर १९९९ ला निकाल ग्रिस्मर यांच्या बाजूने लागला, पण तोवर ते हयात नव्हते. न्यायालयाने त्यांना गाडी चालवायचा हक्क दिला नाही, हे नीट लक्षात घ्या. हक्क दिला तो तपासून घेण्याचा. रस्त्यावरची सुरक्षितता हवीच. पण माणसाला गाडी जमते का हे न बघता केवळ आजाराच्या नावावरून दार बंद करणं हा भेदभाव आहे, असं न्यायालय म्हणालं.

आज इथे हा निर्णय रोडसेफ्टीबीसी घेते. डॉक्टरांनी भरायचा फॉर्म घरी येतो. ८० व्या वर्षी, आणि पुढे दर दोन वर्षांनी, तो येतोच. गरज वाटली तर आयसीबीसीकडे रस्त्यावरची चाचणी होते. निकाल नेहमी 'हो' किंवा 'नाही' एवढाच नसतो. अटी घालूनही लायसन्स मिळतं. भारतात चाळिशीनंतर लागणारा फॉर्म १ए बऱ्याच जणांच्या लेखी सहीशिक्क्याचा मामला असतो, त्यामुळे इथलं पाकीट आलं की आईबाबा बिचकतात. ते ड्रॉवरमध्ये टाकून मात्र देऊ नका. उत्तर गेलं नाही तर तेवढ्यावरूनही लायसन्स रद्द होऊ शकतं.

आता डॉक्टरांचं. या प्रांतात कायदा डॉक्टरांना कळवायला भाग पाडतो तो पेशंटची अवस्था धोकादायक असेल आणि बजावूनही तो गाडी चालवत राहिला तर. ओंटारिओत नियम कडक आहे : ठरावीक आजार डॉक्टरांना कळवावेच लागतात. म्हणून टोरांटोच्या मावशीचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. आणि फिट किंवा साखर एकदम उतरणं लपवलं, तर औषध बदलून जे सुधारलं असतं तेही राहून जातं.

कधी कधी नीट तपासूनही उत्तर 'नाही' येतं. तेव्हा हँडीडार्टसाठी अर्ज करता येतो, स्कायट्रेन आहे, आणि तुमचा शनिवार आहे.