संगणक, दूरध्वनीची तार आणि मधला दुभाष्या

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विज्ञानाची साधने घरोघर पोहोचली. परंतु त्यांच्या पोटात काय चालते हे समजून घेण्याची हौस त्या मानाने वाढली नाही. मोबाइलवर बोट फिरविले की जग समोर येते, मग तारेचा नि ड्रायव्हरचा विचार कोण करतो? कला शाखेच्या अंकात असा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे, म्हणून तो आपलाही आहे. आयएसडीएन या दूरध्वनी पद्धतीचे कार्ड लिनक्स प्रणालीवर कसे चालविले जाई, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. ही पद्धत आता बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. तिच्यापासून घेण्याजोगा धडा मात्र जुना झालेला नाही.

आवाजाचे आकडे

आपण साध्या दूरध्वनीवर बोलतो तेव्हा आवाजाप्रमाणे तारेतील वीज कमी-जास्त होते. अंकीय केंद्रात त्या लहरीचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतात व प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. आठ हजार गुणिले आठ म्हणजे ६४,००० बिट. एका संभाषणाचे सेकंदाचे माप ते हेच. आपल्या देशात अशी केंद्रे खेड्यापाड्यांत नेण्यास १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचा मोठा हातभार लागला.

परंतु केंद्र अंकीय झाले तरी तिथून घरापर्यंतची तार जुन्याच रीतीने चाले. म्हणून संगणकाला मोडेम लागे. मोडेम आकड्यांचा आवाज करी आणि केंद्र त्या आवाजाचे पुन्हा आकडे करी! हा द्राविडी प्राणायाम आयएसडीएनने टाळला. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८४ साली तिची मानके ठरविली. तिच्या साध्या जोडणीत एकाच तारेच्या जोडीवर तीन वाटा असतात. दोन वाटा प्रत्येकी ६४,००० बिटांच्या. त्यांवरून बोलणे किंवा माहिती जाते. तिसरी १६,००० बिटांची; तिच्यावरून मुख्यतः निरोप जातात, म्हणजे कोणाला फोन लावायचा, कोणाचा आला, कोणी ठेवला. तांब्याच्या तारेवर ही जोडणी पाच-साडेपाच किलोमीटरपर्यंतच चाले. म्हणजे धारूरच्या घरातील तार थेट अंबाजोगाईच्या केंद्राला जोडून भागले नसते. केंद्र गावातच हवे.

या जोडणीचे मोल एका उदाहरणावरून कळेल. १ एप्रिल २००३ रोजी महाराष्ट्र शासनाच्या एका अपिलाचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने परदेशातील साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य यंत्रणेद्वारे घेण्यास मान्यता दिली. साक्षीदार अमेरिकेत आणि खटला मुंबईत! त्या काळी अशा भेटींसाठी आयएसडीएन हा नेहमीचा मार्ग होता. तीन जोडण्यांच्या सहा वाटा एकत्र केल्या की ३,८४,००० बिट मिळत आणि पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसे.

कार्ड मुके असते

आता संगणकाकडे वळू. केंद्राकडून आलेल्या दोन तारा भिंतीवरील एनटी नावाच्या पेटीत शिरत. तिथून चार तारा संगणकातील कार्डाकडे जात. परंतु नुसते कार्ड बसवून काही होत नसे. कार्डाला संगणकाची भाषा येत नाही आणि संगणकाला कार्डाची. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. काही महाग कार्डांवर स्वतःचा प्रक्रियक असे. स्वस्त कार्डांवर मात्र तारेपुरतीच चिप असे. निरोपांचा सगळा अर्थ ड्रायव्हरलाच लावावा लागे.

लिनक्सवर हे काम तीन पायऱ्यांनी होई. पहिली पायरी ओळखीची. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की कार्डावर कोणती चिप आहे ते समजे. खोक्यावरील नावापेक्षा चिपचे नाव महत्त्वाचे. आयएसए स्लॉटमधील जुन्या कार्डांचा पत्ता व इंटरप्टचा क्रमांक स्वतः सांगावा लागे. दोन कार्डांना एकच क्रमांक गेला तर दोन्ही अडून बसण्याचा संभव असे.

दुसरी पायरी ड्रायव्हर चढविण्याची. ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने ‘हायसॅक्स’ हा ड्रायव्हर चढवीत आणि सोबत दोन आकडे देत, एक कार्डाच्या प्रकाराचा व दुसरा केंद्राच्या बोलीचा. एव्हीएम कंपनीच्या फ्रिट्झ पीसीआय कार्डासाठी प्रकार २७. बोलीसाठी १ म्हणजे जुनी जर्मन पद्धत, तर २ म्हणजे युरोपीय पद्धत. बोलीचा आकडा चुकला तर कार्ड ओळखले जाई, ड्रायव्हरही चढे. पण फोन मात्र लागत नसे.

तिसरी पायरी जोडणीची. ‘आयएसडीएनसीटीआरएल’ या आज्ञेने आपला क्रमांक, समोरचा क्रमांक आणि काम थांबल्यावर किती सेकंदांनी फोन ठेवायचा ते सांगत. ही शेवटची बाब क्षुल्लक समजू नये. संगणक गरज भासली की आपण होऊन फोन लावी, आणि आकार वेळेवर असल्याने ठेवण्याची आज्ञा नसेल तर बिल वाढत जाई.

दुभाष्याचे कर्तव्य

हे ड्रायव्हर लिहिले कोणी? आयएसडीएन-फॉर-लिनक्स या कामात फ्रिट्झ एल्फर्ट आणि हायसॅक्सच्या कामात कार्स्टन काइल यांची नावे पुढे येतात. त्यांनी आपली संहिता कुलपात ठेवली नाही. कोणीही ती वाचावी, सुधारावी अशी मोकळी ठेवली. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात एमआयएसडीएन हा नवा संच आला आणि २०१९ च्या ५.३ या आवृत्तीत जुना संच काढून टाकण्यात आला. तरीही जुन्या आवृत्त्या आजही कोणालाही उघडून वाचता येतात.

मला यातले मोठेपण वाटते ते या मोकळेपणाचे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ऊसतोडीवरून परतलेली माणसे बँकेचा कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. कागदाची भाषा त्यांना परकी आणि त्यांची अडचण कागदाला परकी. मधला दुभाष्या मी. आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती असेल. अशा वेळी अर्ज भरून देऊन मोकळे होणे सोपे असते. पण कोणत्या रकान्यात काय आणि का लिहिले, हे समजावून दिले तर पुढच्या खेपेस त्या माणसाला आपली गरज कमी लागते. शिक्षण घेतलेल्याने दुभाष्या जरूर व्हावे, पण आपली संहिता उघडी ठेवावी.