ताळेबंदात नसलेली बारव

गूळ, वीस किलो. हिरडा, पाच किलो. बेलफळं, एक पोतं. एकाच दिवसाची तीन व्हाउचरं, एकाच टाचणीत अडकवलेली. आमच्या लेखापरीक्षकांनी ती फाइलमधून बाजूला काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, हे चहापानाच्या खात्यात टाकू ना?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीत वीस किलो गूळ कशाला लागेल? मी म्हटलं, "हा गूळ माणसांनी नाही खाल्ला, चुन्याने खाल्ला."

कळीचा चुना पाण्यात विरवायचा, काही दिवस भिजत ठेवायचा. मग वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो घाणीत मळायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर. असा चुना सावकाश आवळतो आणि दगडाला धरून राहतो. जुन्या दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या, तर आतल्या ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. ती दगडातूनच वाट काढते आणि पुढे दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. हे मी खजिनदार झाल्यावर शिकले, कारण ते कळल्याशिवाय व्हाउचरवर खात्याचं नाव लिहिता येईना. आता 'दुरुस्ती साहित्य, चुनाकामासाठी गूळ' असं स्वच्छ लिहिते आणि वास्तुरचनाकारांनी दिलेलं मिश्रणाचं प्रमाण मागे जोडते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची लहानशी संस्था आहे. आसपासच्या बारवा, वीरगळ, दीपमाळा यांची देखभाल करायची, एवढंच काम. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला लोक लांबून बघायला येतात. आमच्या बारवांना गावातलेही विसरलेले असतात. पगारी माणूस एकही नाही. बँकेतून निवृत्त झालेली व्यक्ती अशा संस्थांना लांबून ओळखू येते, तशी मी त्यांना आले. संस्थेच्या पावतीवर नोंदणी क्रमांक दोन आहेत: एक १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, दुसरा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा. दुसऱ्यामुळे आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली येतो. हिशेब ठरलेल्या नमुन्यात, ताळेबंद ठरलेल्या नमुन्यात, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज.

त्या ताळेबंदाबद्दल सांगायला हवं. डावीकडे निधी आणि देणी, उजवीकडे मालमत्ता. आमच्या उजव्या बाजूला आहे ते असं: लोखंडी कपाट, संगणक, पाणी उपसायचे दोन पंप, शिड्या, चुन्याची घाणी, मुदत ठेवी. बारव कुठेच नाही. कारण ती आमची नाहीच. गावठाणातली बारव ग्रामपंचायतीकडे असते. शेतातली असेल तर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नुसती 'विहीर' म्हणून लागलेली असते. आणि राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व संचालनालयाच्या परवानगीशिवाय तिथला खडा हलवायचा नाही. आम्ही ग्रामसभेचा ठराव किंवा मालकाचं संमतिपत्र घेतो आणि काम करतो. लाख-दोन लाख लावून उभा केलेला बारवेचा काठ मार्चअखेर जमाखर्च पत्रकात 'उद्दिष्टांवरील खर्च' या एका ओळीत संपतो. कार्यकारिणीत नव्याने आलेले एक व्यापारी सदस्य पहिला ताळेबंद बघून नाराज झाले. "एवढं केलं, ते कागदावर दिसतच नाही की!" दुकानाच्या हिशेबात मालमत्ता वाढली तर माणूस खूश होतो. आमच्याकडे ती वाढली, तर मला विचारावं लागतं की काम का थांबलं.

आणि काम थांबवणारं एक मोठं कारण मी दर वर्षी बघते. आयकर खात्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. चुन्याचं वर्ष वेगळं आहे. पावसाळ्यात बारव भरलेली, काठ निसरडे, चुना वाळत नाही. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं, पौषात खालच्या पायऱ्या दिसतात, मग पंप लावून उरलेलं पाणी काढायचं, गाळ उपसायचा, निखळलेले दगड हुडकून क्रमांक घालून मांडायचे. खरी दरजाभरणी सुरू होते फेब्रुवारीत. म्हणजे काम ऐन रंगात असताना माझं वर्ष बंद होतं. धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावी, हा सर्वसाधारण नियम. पैसे राखून ठेवायचे तर कशासाठी आणि किती वर्षांसाठी, ते मुदतीत अर्ज भरून सांगावं लागतं. पाच वर्षांपर्यंत सवलत मिळते. सभेत हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "मग मार्चमध्ये उरकून टाकू की." चुना उरकता येत नाही. दरजा भरल्यावर ओलं गोणपाट टाकून तो दिवसचे दिवस ओलसर ठेवावा लागतो, नाहीतर भुगा होऊन पडतो. म्हणून मी दर वर्षी राखीव रकमेचा ठराव लिहिते. काम बंद असतं तेव्हा, पावसाळ्यात, माझी घाई असते: लेखापरीक्षण ३० सप्टेंबरच्या आत.

पैसे येतात कसे? बारवेच्या काठावर दीपोत्सव झाला की क्यूआर कोडवर रकमा पडायला लागतात. ५०१, १०१, ११. बँकेच्या उताऱ्यात यूपीआयपुढे आकड्यांची माळ आणि अर्धवट तुटलेलं नाव. पावती कुणाच्या नावे फाडू? निनावी देणगी धर्मादाय संस्थेला चालते, पण मर्यादेपर्यंत. वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांत जे जास्त असेल त्याच्या वर गेली की तीस टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थेला ही अट नाही, म्हणून देवळाच्या दानपेटीत जे चालतं ते आमच्या पेटीत चालत नाही. ही गोष्ट गावात समजावून सांगणं फार अवघड, कारण बारवेच्या देवकोष्ठात गणपती असतोच आणि लोक त्याच्यापुढेच नाणी ठेवतात. शेवटी आम्ही कोडशेजारी पाटी लावली: नाव आणि मोबाइल क्रमांक पाठवा, पावती मिळेल. निम्मे लोक पाठवतात.

करसवलतीची पावती हवी असेल तर पॅन लागतो, आणि दोन हजारांच्या वरची रोख त्यासाठी चालत नाही. सगळ्या देणगीदारांचं विवरण ३१ मेच्या आत भरायचं, चुकलं तर दिवसाला दोनशे रुपये. एप्रिलभर मी लोकांना फोन करून पॅन मागते. पॅन मागणाऱ्या बाईचा लोकांना संशय येतो, आणि हल्लीच्या दिवसांत तो यायलाच हवा. गंमत म्हणजे नव्या करप्रणालीत या वजावटीचा उपयोगच नाही, त्यामुळे नोकरी करणारी तरुण मुलं सरळ सांगतात, "काकू, राहू द्या, पावती नको." पावती मला हवी असते, हे त्यांना पुन्हा समजावते.

सगळ्यात आवडीचा माझा दिवस म्हणजे पगाराचा. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पगार होतो. बारवेच्या वरच्या कट्ट्यावर हजेरीपट उघडायचा. गवंडीमामा घाणीवरून हात धुऊन येतात. चुन्याने बोटं फाटलेली, त्यामुळे पेन धरताना ते अंगठा बाहेर काढून धरतात, पण सही पूर्ण नावाची करतात, आडनावासकट, रकान्याबाहेर गेली तरी. त्यांच्याबरोबरची बिगारी बाई शाईच्या पॅडवर अंगठा टेकवते आणि लगेच पदराला पुसायच्या ऐवजी कट्ट्याच्या दगडाला पुसते. पहिल्यांदा मामा तिच्यावर खेकसले: "अगं, त्याच दगडाची मजुरी घेतीस ना!" आता तिच्यासाठी मी चिंधी नेते. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावते; ते हल्ली पोस्टातही मागून मागून मिळतं. बँकेत थेट पैसे जमा करावेत असा माझा आग्रह होता. मामा म्हणाले, "ताई, खातं मालकिणीच्या नावावर हाय." मग हजेरीपटावर एक नाव आणि बँकेच्या उताऱ्यात दुसरं. लेखापरीक्षकांसाठी संमतिपत्र, त्यावर दोघांच्या सह्या. कागद वाढला, पण पैसे खरोखर घरात पोचतात, हे त्या कागदामुळे मला कळलं.

ठेवी कुठे ठेवायच्या, हा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. विश्वस्त संस्थेचे पैसे कायद्याने परवानगी दिलेल्या ठिकाणीच ठेवायचे असतात. गावात मात्र पतसंस्थेचा संचालक आपलाच माणूस असतो, व्याजही अर्धा-पाऊण टक्का जास्त देतो. पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो. बँकेच्या ठेवीला असतो, तोही एका बँकेत पाच लाखांपर्यंतच. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत ती मर्यादा एक लाखच होती. २०१९च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना हजार रुपये काढायची मुभा होती. त्यात संस्थाही अडकल्या होत्या. म्हणून मी रक्कम वाटून ठेवते. त्यामुळे महिनाअखेर बँक मेळ घालायला जास्त वेळ लागतो आणि कार्यकारिणीतले दोघं माझ्यावर थोडे रुसलेले असतात. चालायचंच.

परदेशातल्या मराठी माणसांचं प्रेम असंच कागदाला अडतं. आजोळच्या बारवेचा फोटो बघून एखादा लंडनहून किंवा न्यू जर्सीहून लिहितो, पैसे पाठवतो, खाते क्रमांक द्या. माझा पहिला प्रश्न: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगी. त्यासाठी केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान पंधरा लाखांचा खर्च लागतो, शिवाय दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं. आमची तेवढी ऐपत नाही. "मामाच्या गावाला पैसे द्यायला परवानगी लागते?" असं एकाने चिडून विचारलं होतं. मामाला द्यायचे तर वेगळा नियम आहे, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

या सगळ्या कागदांचा कधी कंटाळा येतो, तेव्हा मला पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल आठवतात. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल तिथे कापडात बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतला मोठा भाग हिशेबाचा आहे: रोजकीर्दी, ताळेबंद, गावोगावचे झाडे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तरी ती निवडच होती. धान्याचा भाव, बिगाऱ्याची मजुरी, देवस्थानाला दिलेलं तेल, हे त्या रोजकीर्दीतून कळतं. कुण्या कारकुनाने ते जमा आणि नावे असं वेगळं लिहून ठेवलं, म्हणून कळतं. आमच्या हजेरीपटाला कुणी रुमालात बांधणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी मजुरीचा दर खाडाखोड न करता लिहिते.

सध्या कार्यकारिणीत माझा एक ठराव अडकला आहे. गाळ काढला की वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढच्या वर्षी पायऱ्यांच्या फटींत पिंपळ आणि उंबर उगवतात. ती रोपं कोवळी असताना मुळासकट काढायची, नाहीतर मुळं दगड उचलतात. त्याला माणूस लागतो, दोरी लागते, पंपाला डिझेल लागतं, आणि यांतल्या कशासाठीही कुणी देणगी देत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसे येतात तेही एका कामापुरते, आधीचे-नंतरचे फोटो आणि नावाची पाटी यांसह. पाटी लागली की विषय संपला. म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक सर्वसाधारण देणगीतले वीस टक्के देखभाल निधीत बाजूला टाकायचे. चिटणीस म्हणतात, "लोक दगडासाठी देतात, गवतासाठी नाही." अध्यक्षांना दहा टक्के चालतील. व्यापारी सदस्य माझ्या बाजूने आले, पण त्यांचं मत असं की ही रक्कम ताळेबंदात डावीकडे वेगळ्या ओळीत दिसायला हवी, आणि ते मला मान्यच आहे. ठराव दहा आणि वीस यांच्या मध्ये लोंबकळतोय, त्यामुळे नवी पावतीपुस्तकं छापखान्यात थांबली आहेत.

तोवर मी 'देखभाल निधी' असा रबरी शिक्का करून घेतला आहे. देणगीदाराला विचारते, तो हो म्हणाला तर जुन्याच पावतीवर, कार्बनखालच्या स्थळप्रतीवरसुद्धा, शिक्का मारते. चिटणीसांनी अजून हरकत घेतलेली नाही. शिक्क्याच्या दीडशे रुपयांचं व्हाउचर मात्र मंजूर व्हायचं आहे.