बॉयलर बांधणारे हात

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न निघतो, "सायन्स की कॉमर्स?" या दोहोंखेरीज आणखी एक रस्ता आहे, शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा. आपल्या वडोदऱ्याला तो परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले, ते हाताला हुन्नर मिळावा म्हणूनच. आज शहराभोवती रिफायनरी, खतांचे व रसायनांचे कारखाने आहेत. जेथे वाफ लागते तेथे बॉयलर आलाच. म्हणून या अंकात आम्ही बॉयलरमेकरच्या कामाची ओळख करून देत आहोत.

बॉयलरमेकर बॉयलर चालवत नाही. तो बांधतो आणि दुरुस्त करतो. ड्रॉइंग वाचून जाड पोलादी प्लेटवर आखणी करणे, ती कापणे, रोलिंग मशीनवर गोल वाकवणे, सांधे वेल्ड करणे, आत नळ्या बसवणे ही त्याची कामे. येथे भूमिती रोज उपयोगी पडते.

या कामात हयगय चालत नाही. मोकळ्या हवेत पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा व्यापते. दाबाखालचा बॉयलर फुटला, तर आतल्या तापलेल्या पाण्यापैकी बरेचसे क्षणात वाफ होऊन बाहेर झेपावते. म्हणून नवा बॉयलर पाण्याने भरून, कामाच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबावर तपासतात. हवेऐवजी पाणीच का? पाणी फारसे दाबले जात नाही. त्यामुळे सांधा सुटला तरी बहुधा गळती होते, स्फोट होत नाही. यासाठी आपल्याकडे १९२३ पासून कायदा होता. आता त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. बॉयलरचे वेल्डिंग करणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते.

येथे पोचायचे कसे? सरळ वाट आय.टी.आय.मधून जाते. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो. फिटरचा दोन वर्षांचा. त्याला गणित-विज्ञानासह दहावी लागते. मुलींनाही हे वर्ग खुले आहेत. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. त्या काळात दरमहा विद्यावेतन मिळते. शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारे प्रमाणपत्र हाती येते. धोकादायक उद्योगांत मात्र वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.

पालकांनी एक गोष्ट नीट पाहावी. उमेदवारीचा लेखी करार होतो, आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असावा लागतो. मूल सज्ञान नसेल, तर सही पालकांची असते. केवळ "कामाला पाठवा, शिकवू" एवढ्यावर विसंबू नये. नोंदणी नसेल, तर वर्ष-दोन वर्षे राबूनही परीक्षेला बसता येत नाही, आणि हाती प्रमाणपत्र येत नाही. दुसरे असे, की उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. कायद्याने उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. पण शिकलेला हात आणि प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्यातही उपयोगी पडते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की नववी-दहावीच्या मुलामुलींना वर्षातून एकदा जवळची आय.टी.आय. दाखवावी. रस्ता डोळ्यांनी पाहिला, तरच तो निवडता येतो.