भुतांचें रान आणि आपली उघाडी

महसूल खात्यांत आम्हीं कारकुनी केली त्या काळांत, उधाणाच्या भरतीनें बांधास खांड पडली म्हणजे पंचनाम्याचे कागद घेऊन खाडीकांठच्या गांवीं जावें लागे. बुडालेल्या भाताचे गुंठे आम्ही बिनचूक लिहीत असूं. बांधाच्या आंतील आंबे व फणस मात्र पुढें दोन-चार वर्षांत उभ्या उभ्या वाळत. त्यांच्याकरितां तक्त्यांत रकानाच नव्हता. एका वृद्ध खातेदारानें विचारलें, "भाऊसाहेब, हीं झाडें कोठें लिहितां?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घडत आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यांत आल्बेमार्ल व पाम्लिको ह्या दोन विस्तीर्ण खाड्यांच्या मध्यें एक सपाट प्रदेश आहे. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीहून एक मीटरही उंच नाहीं. तेथें गोड्या पाण्याच्या दलदलींत वाढणारें रान आहे. त्यांतील बाल्ड सायप्रस नांवाचें झाड पाण्यांत शेंकडों वर्षें सुखानें उभें राहतें. त्याच राज्यांत ब्लॅक रिव्हर नदीकांठच्या अशा एका झाडाचें वय किमान २,६२४ वर्षें असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. पाण्याचें त्यास भय नाहीं. मिठाचें फार आहे.

समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार असतात. ह्या रानांत २ भागांइतका खारेपणा टिकून राहिला तरी तें हळूहळू गवताळ दलदल होऊं लागतें. मुळांस पाणी ओढणें जड जातें. शिवाय हवा नसलेल्या चिखलांत खाऱ्या पाण्यापासून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायु निर्माण होतो, तोही मुळांस मारक. प्रथम रोपें मरतात. मोठीं झाडें हिरवीं दिसतात, म्हणून मालक निश्चिंत असतो. परंतु त्यांच्या खालीं पुढची पिढी उरलेली नसते. मग कांहीं वर्षांनीं पांढरे सांगाडे तेवढे उभे राहतात. तेथील लोक त्यांस भुतांचें रान म्हणतात. ॲलिगेटर नदीच्या राखीव वनांत १९८५ ते २०१९ ह्या काळांत सुमारें ११ टक्के जमिनीची अशी गत झाली. २०११ च्या ऑगस्टांतील आयरीन वादळानें विशेष हानि केली, कारण तें दुष्काळी वर्षांच्या पाठीवर आलें. मीठ धुऊन नेण्यास जमिनींत गोडें पाणी नव्हतें.

१९०१ ते २०१८ ह्या काळांत जगांतील समुद्र सरासरीनें २० सेंटिमीटर चढला, म्हणजे जेमतेम वीतभर. एवढ्यानें रान कसें मरेल, ही शंका वाचकांप्रमाणें आम्हांसही आली होती. उत्तर चरांत आहे. शेतीकरितां व लांकडाकरितां त्या प्रदेशांत जिकडेतिकडे चर खणले गेले. पावसाचें पाणी बाहेर जावें हा हेतु. समुद्र चढला, मुळांतच थोडा असलेला उतार नाहींसा झाला, आणि वाऱ्याच्या व भरतीच्या जोरानें त्याच चरांतून खारें पाणी आंत, किनाऱ्यापासून दूरवर, शिरूं लागलें. विल्मिंग्टन बंदराकरितां केप फिअर नदीचें पात्र खोल केलें, तेथेंही भरती वर चढूं लागली व कांठचे सायप्रस वाळले. निम्मी वाट माणसानेंच करून दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां तेथें चरांच्या तोंडाशीं झडपा बसवीत आहेत. ओहोटीस आंतलें पाणी त्या ढकलून बाहेर जातें. भरतीच्या दाबानें त्या मिटतात. हें वाचून आम्हांस हंसूं आलें. ही तर आपली उघाडी! कोंकणच्या खारभूमींत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला त्यास, १९४८ पासून मोजतां, पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. अर्थात् झडप कांहीं जमीन उंच करीत नाहीं. अगदीं सखल जागीं तेथील लोकही रान वांचेल असें म्हणत नाहींत. परंतु उघाडी शाबूत असेल तर पावसाळ्याचें गोडें पाणी मीठ धुऊन बाहेर नेतें, व जमिनीस कांहीं वर्षें मिळतात. बांधाआंतील जुन्या झाडाखालीं नवीं रोपें दिसतात कीं नाहीं, हें दर दिवाळीनंतर पाहून ठेवावें. भात खुरटण्याची वाट पाहूं नये.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्या गांवीं पुनः गेलों. उघाडीच्या दोन फळ्या कुजल्या होत्या, आणि पूर्वीच्या आंब्यांच्या जागीं तिवरें माजलीं होतीं. त्या खातेदाराच्या नातवास दुरुस्तीचा अर्ज आम्हींच लिहून दिला. पिकाच्या आधीं त्यांत झाडें लिहिलीं: वाळलेले आंबे चौदा, फणस तीन.