निरोप आणि पोच

मार्चअखेरीस घरपट्टी भरावयाची म्हणजे पूर्वी पालिकेच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहावे लागे. आता पुष्कळ शहरांत हे काम घरबसल्या संकेतस्थळावर उरकते. पैसे भरल्यावर पडद्यावर अशा अर्थाचा मजकूर उमटतो, की रक्कम जमा झाली, पावती थोड्याच वेळात पाठविण्यात येईल. रक्कम जमा झाली ना, मग पावती आत्ताच का नाही? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्या थोड्या वेळात बहुधा एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला निरोप धाडलेला असतो. आणि तो निरोप वाटेत गहाळ झाला, तर पैसे भरलेला माणूस पावतीवाचून राहतो.

संकेतस्थळामागे काम करणारा प्रोग्राम, म्हणजे वेब ॲप्लिकेशन, हा खिडकीवरचा कारकून समजावा. त्याला हात मोजके असतात. समजा, चार हात आहेत, आणि पावतीचा कागद सजवून, त्यावर सही-शिक्का उमटवून तो ईमेलने पाठविण्यास वीस सेकंद लागतात. हे सारे खिडकीवरच करावयाचे ठरले, तर मिनिटाला बारा माणसे मोकळी होतील. तेच काम आतल्या खोलीतील दुसऱ्या कारकुनाकडे सोपवून खिडकीवर फक्त नोंद घेतली, आणि तिला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर मिनिटाला चोवीसशे माणसे निघतील. पावत्या एकंदरीने लवकर तयार होतात असे मात्र नाही. आतल्या खोलीतील काम तितकेच राहते. फक्त खिडकी अडत नाही.

आता अडचण अशी, की हा आतला कारकून म्हणजे संगणकात स्वतंत्रपणे चालू असलेला प्रोग्राम. चालू प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसची स्मृती वेगळी, आणि दोहोंच्या मध्ये भिंत. ती भिंत संगणकाची कार्यप्रणाली मुद्दाम बांधते, कारण एक प्रोग्राम बिघडला तर त्याने दुसऱ्याची कागदपत्रे विस्कटू नयेत. भिंत हवीही, आणि तिच्यातून निरोपही जावयास हवा!

सर्वांत जुनी सोय म्हणजे सिग्नल. ही दारावरची टकटक होय. टकटक ऐकून आतला माणूस जागा होईल, पण काय काम आहे हे तिच्यातून कळत नाही. शिवाय पहिली टकटक ऐकण्यापूर्वी तशीच दुसरी झाली, तर दोन्ही मिळून एकच धरली जाते. ‘तुझी नियमावली पुन्हा वाच’ एवढे सांगावयास सिग्नल उत्तम. अमक्याची पावती कर, हे सांगावयास निरुपयोगी.

दुसरी सोय पाइपची. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहिले होते, की बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्राम एकमेकांस जोडता आले पाहिजेत. ती कल्पना १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये प्रत्यक्षात उतरविली. पण साधा पाइप घरच्या मंडळींपुरता असतो : एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला, किंवा दोघींचा जनक एक असला, तरच तो वारशाने मिळतो. आपले दोन कारकून वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी कामाला लावलेले असतात. नाव दिलेला पाइप वापरून हा अडसर दूर करता येतो; पण आत कोणी वाचणारा नसेल तर पाठविणारा दारातच खोळंबतो, आणि वीज गेली तर पाइपमध्ये असलेला मजकूर नाहीसा होतो.

तिसरी सोय सॉकेटची. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून १९८३ साली ती सर्वत्र पसरली. सॉकेट म्हणजे टेलिफोन. पत्ता आणि पोर्टचा क्रमांक ठाऊक असला, की त्याच संगणकातील काय, सातासमुद्रापलीकडील प्रोसेसशीही बोलता येते. पण पलीकडे कोणी फोन उचलला पाहिजे. आतला कारकून त्या क्षणी बंद पडला असेल, तर खिडकीवाल्याने तो निरोप ठेवावा कोठे?

म्हणून मध्ये तिसरा माणूस बसवितात : रांग सांभाळणारा. खिडकीवाला चिठ्ठी त्याच्याकडे देतो आणि मोकळा होतो. आतला कारकून सवडीने एकेक चिठ्ठी उचलतो. जे. पी. मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेत जॉन ओहारा यांनी २००३ मध्ये अशा देवघेवीचे सर्वांना खुले असे नियम आखावयास घेतले. त्या नियमांवर चालणारा ‘रॅबिटएमक्यू’ २००७ मध्ये निघाला. तो ज्या भाषेत लिहिला आहे तिचे नाव अर्लांग. डॅनिश गणिती अग्नर अर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या रांगांचे गणित मांडले होते, त्यांचे हे नाव. योगायोग गमतीचा आहे.

येथपर्यंत सारे सुरळीत दिसते. खरी कसोटी पुढे आहे. रांगवाल्याने चिठ्ठी दिली, ती आपल्या वहीतून केव्हा खोडावी? पोच आल्यावर. ठीक, पण आतल्या कारकुनाने पोच केव्हा द्यावी? चिठ्ठी हाती पडताच दिली आणि लगेच तो कोसळला, तर पावती कधीच होणार नाही, कारण रांगवाल्याच्या लेखी काम संपले. उलट, काम पुरे झाल्यावर पोच द्यावयाची ठरविली, आणि पावती करून पोच देण्यापूर्वीच तो कोसळला, तर रांगवाला तीच चिठ्ठी पुन्हा देईल व दुसरी पावती निघेल. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये ज्याला दोन सेनापतींचे कोडे म्हटले, ते याच जातीचे. दोन टेकड्यांवरच्या सेनापतींनी एकाच वेळी हल्ला करावयाचा आहे, आणि जासूद वाटेत पकडला जाण्याचा संभव आहे. तर कितीही जासूद धाडले तरी शेवटचा पोचला की नाही याची शंका उरतेच. निरोप नेमका एकदाच पोचवितो असे कोणी विक्रेता सांगू लागला, तर त्याला ही अट विचारावी.

तेव्हा दोन वाईटांपैकी एक निवडणे भाग आहे. माझे मत स्पष्ट आहे : पैशाच्या कामात निरोप दोनदा आला तर चालेल, बुडालेला चालणार नाही. मात्र दोनदा आलेला निरोप ओळखू आला पाहिजे. चिठ्ठीवर ‘खात्यातून पाचशे रुपये वजा कर’ असे लिहिले, तर दुसऱ्या खेपेस आणखी पाचशे जातील. ‘व्यवहार क्रमांक अमुक, त्याचे पाचशे वजा कर’ असे लिहिले, आणि एका क्रमांकाची दुसरी नोंद खातेवहीने घेऊच नये असा नियम घातला, तर चिठ्ठी दहा वेळा आली तरी बिघडत नाही. पावतीचेही तसेच. ईमेलला मात्र ही युक्ती पुरती लागू पडत नाही, कारण ईमेल धाडणे आणि धाडल्याची नोंद करणे ही दोन कामे एका फटक्यात होत नाहीत. एकाच पावतीची ईमेल आपणांस कधी दोनदा आली असेल, तर त्यामागे असेच काही घडलेले असण्याचा संभव आहे.

आणखी एक फट आहे, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. खिडकीवाला आधी वहीत रक्कम नोंदवितो, मग रांगवाल्याकडे चिठ्ठी देतो. या दोहोंच्या मधल्या क्षणी संगणक बंद पडला तर? पैसे जमा, चिठ्ठी नाही. क्रम उलटा केला तर न भरलेल्या पैशांची पावती निघेल. उपाय साधा आहे : चिठ्ठीही त्याच वहीत, त्याच नोंदीबरोबर लिहावी. डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी एकत्र टिकतात किंवा एकत्र रद्द होतात. मग आतला कारकून तेथूनच चिठ्ठ्या उचलतो. दोघांनी एकच चिठ्ठी उचलू नये यासाठी, जिच्यावर दुसऱ्याचा हात आहे ती वगळून पुढची घेण्याची सोय ‘पोस्टग्रेस’मध्ये २०१६ साली आली. मध्यम शहराच्या घरपट्टीला एवढे पुरे. त्यासाठी निराळा रांगवाला नेमणे मला उधळपट्टी वाटते.

काही चिठ्ठ्या तरीही निघत नाहीत. पत्त्यात चूक असते, नावात न छापता येणारे अक्षर असते. कारकून प्रत्येक वेळी तेथेच अडखळतो आणि तीच चिठ्ठी पुन्हा पुढे येते. अशा चिठ्ठीला चार-पाच संधी देऊन वेगळ्या रांगेत टाकतात. पत्ता न लागलेली पत्रे टपालखात्याच्या ज्या कचेरीत जात, तिला इंग्रजी अमदानीत डेड लेटर ऑफिस म्हणत. त्यावरून या रांगेलाही ‘डेड लेटर’ हेच नाव पडले आहे. ती रांग कोणताही प्रोग्राम आपण होऊन रिकामी करीत नाही. पालिकेतल्या कोणा माणसाने रोज सकाळी ती उघडून पाहावी लागते.