दिवे कोणत्या वारी बदलणार?

ऑफिसमधल्या प्रकाशाचा एकाग्रतेवर काय परिणाम होतो, हा विषय पहिल्यांदा सोपाच वाटतो. जुने दिवे काढा, नवे लावा, आधीचं आणि नंतरचं काम मोजा. झालं! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असाच आराखडा घेऊन गाईडकडे गेले होते. मॅडमनी एकच विचारलं, "दिवे कोणत्या वारी बदलणार?"

"रविवारी. ऑफिस बंद असतं ना."

"मग आधी हॉथॉर्नचं वाच."

तुम्हीही वाचा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची उपकरणं बनत. तिथे 1924 ते 1927 या काळात प्रकाश कमी-जास्त करून कामगारांचं उत्पादन मोजलं गेलं. पाठ्यपुस्तकांत गोष्ट रुजली ती अशी: प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे कामगारांना जाणवत होतं. यालाच 'हॉथॉर्न परिणाम' म्हणतात.

स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी मूळ आकडे शोधून काढले आणि 2011 मध्ये त्यांचं नवं विश्लेषण छापलं. दिवे बदलले जायचे रविवारी, सुट्टीच्या दिवशी. सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्त भरायचं. पण ज्या आठवड्यांत दिव्यांना कुणी हातही लावला नव्हता, त्या सोमवारीसुद्धा ते वाढायचंच!

मग प्रकाशाचा परिणाम होतच नाही का? तसं नाही. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. साधारण 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाला खबर पोचवतात. 2008 च्या एका अभ्यासात दोन मजल्यांवरच्या 94 ऑफिस कर्मचाऱ्यांनी निळसर पांढऱ्या आणि साध्या पांढऱ्या दिव्यांखाली चार-चार आठवडे काम केलं. निळसर प्रकाशात जास्त तरतरी आणि एकाग्रता वाटल्याचं त्यांनी नोंदवलं. पण 'वाटलं' हा शब्द नीट बघा. दिव्याचा रंग तर सगळ्यांनाच दिसतो. औषधाच्या चाचणीसारखी नकली गोळी इथे देता येत नाही.

म्हणून आराखडा करताना तीन गोष्टी सांभाळा. दिवे न बदललेला एक गट त्याच आठवड्यांत मोजा. दोन प्रकारचे दिवे असतील, तर अर्ध्या लोकांना क्रम उलटा द्या. आणि प्रश्नावलीच्या जोडीला प्रतिक्रियेचा वेग किंवा चुकांची संख्या मोजणारी एखादी चाचणी ठेवा.

माझा आराखडा मी तीनदा बदलला. पण दिवे आधी विकत घेतले असते, तर सहा महिने सोमवारच मोजत बसले असते.